कॅम्परवर सोलर किती लावायचं? आधी फ्रीज कोणता ते बघा

पत्र:

"नमस्कार. आम्ही दोघं सॅक्रामेंटोजवळ फॉल्समला राहतो. मुलगी कॉलेजला गेली आणि कधीपासून मनात होतं ते आम्ही यंदा केलं. आमच्या हाफ-टन पिकअपवर बसणारा पॉप-अप (टप वर उचलता येणारा) ट्रक कॅम्पर सेकंडहँड घेतला. आत दोन बर्नरची प्रोपेनची शेगडी आणि प्रोपेनचाच फर्नेस आहे. आधीच्या मालकाने जुना फ्रीज काढून 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज बसवलाय. टपावर पंखा आहे. सोलर अजिबात नाही आणि बॅटरी जुनी लेड-ॲसिडची आहे. उन्हाळ्यात योसेमिटी आणि 395 हायवेवरचं लोन पाइन, ऑक्टोबरात जमलं तर ऑरेगनचा किनारा, डिसेंबरात अँझा-बोरेगोचं वाळवंट असं डोक्यात आहे. एकेका ठिकाणी तीन-चार दिवस मुक्काम करायला आम्हाला आवडतं. मिस्टर रात्री सीपॅप (झोपेत श्वास अडू नये म्हणून हवा देणारं मशिन) लावून झोपतात. मला आठवड्यातले दोन दिवस लॅपटॉपवर काम करावं लागेल, त्यासाठी स्टारलिंक मिनी (उपग्रहावरून इंटरनेट देणारी छोटी डिश) घेतलंय.

दुकानदार म्हणतो 600 वॉटच्या खाली जाऊच नका. मिस्टरांचे एक मित्र ट्रक कॅम्परनेच फिरतात, ते म्हणतात 100 वॉट भरपूर झाले. कुणाचं ऐकायचं? इंडक्शन, मिक्सर, एसी यांपैकी काय चालेल? आम्हाला यातलं फारसं कळत नाही, तेव्हा जरा फोड करून सांगा."

उत्तर:

नमस्कार.

आधी उत्तर सांगते, मग त्यामागचा हिशेब. तुमच्या वापराला टपावर 200 वॉट, जमिनीवर मांडता येईल असं 100 वॉटचं घडीचं पॅनेल, 200 अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि इंजिन चालू असताना ती बॅटरी भरणारा 30 अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर एवढं पुरेल. 600 वॉटची गरज नाही आणि 100 वॉटमध्ये तुमचं भागणार नाही.

मिस्टरांच्या मित्रांना एकच गोष्ट विचारा: तुमचा फ्रीज कशावर चालतो? माझा अंदाज आहे की प्रोपेनवर. जुन्या ट्रक कॅम्परमध्ये सहसा ॲबसॉर्प्शन फ्रीज असतो. तो गॅसच्या बारीक ज्योतीवर थंड होतो आणि त्याला वीज लागते ती नावापुरती. मग विजेवर उरतं काय, तर चार एलईडी दिवे, पाण्याचा पंप आणि दोन फोन. त्याला 100 वॉट खरोखरच पुरून उरतात, म्हणजे त्यांचा अनुभव खोटा नाही. पण तुमचा फ्रीज विजेवरचा आहे आणि उन्हाळ्यातल्या साध्या दिवशी एकूण विजेतला निम्मा वाटा तो एकटाच घेणार आहे. यापुढे कुणीही तुम्हाला वॉटचा आकडा सांगितला की आधी त्यांच्या फ्रीजची चौकशी करा. हा एक प्रश्न विचारला की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

आता हिशेब. आपल्याकडच्या लाइट बिलात युनिट असतं, तेच इथल्या बिलावर किलोवॉट-अवर म्हणून येतं. एक युनिट म्हणजे 1,000 वॉट-अवर. 50 वॉटची वस्तू 10 तास चालली तर 500 वॉट-अवर, म्हणजे अर्धं युनिट. कॅम्परचा सगळा खेळ एक-दीड युनिटात चालतो, त्यामुळे इथे अर्ध्या युनिटालाही फार किंमत आहे.

फ्रीजपासून सुरुवात करू. कॉम्प्रेसर चालू असताना 50 वॉटच्या आसपास घेतो, पण तो सतत चालू नसतो. गार रात्री तासातली पंधरा-वीस मिनिटं चालेल, जुलैच्या दुपारी तापलेल्या कॅम्परात चाळीस मिनिटंसुद्धा. उन्हाळ्यात दिवसाला 450 वॉट-अवर धरा, थंडीत 250. टपावरचा पंखा हळू वेगावर रात्रभर चालवला तर 120. दिवे 50, थंडीत रात्र मोठी म्हणून 80. पंप दिसायला 70-80 वॉटचा असला तरी दिवसातून जेमतेम दहा मिनिटं चालतो, त्याचे 12. दोन फोनचे 40. गॅस गळती आणि कार्बन मोनॉक्साइडचे डिटेक्टर चोवीस तास चालूच असतात आणि ते कधीही बंद करायचे नाहीत, त्यांचे आणि इतर बारीकसारीक गोष्टींचे 50. सीपॅपचे 150, त्याबद्दल पुढे वेगळं लिहिते. उन्हाळ्यातल्या साध्या दिवसाची बेरीज होते 870च्या आसपास. तुमच्या कामाच्या दिवशी लॅपटॉपचे 250 आणि स्टारलिंक मिनीचे 240 त्यात मिळवा. मिनीला सरासरी 25 ते 40 वॉट लागतात, मी आठ तास धरलेत. असा दिवस 1,360पर्यंत जातो.

वाळवंटातल्या डिसेंबरात पंखा बंद आणि फ्रीज निवांत असतो, पण फर्नेस आपला वाटा मागतो. उष्णता प्रोपेनची असली तरी गरम हवा ढकलणारा पंखा बॅटरीवरच चालतो, साधारण 40 वॉट. लांबलचक रात्रीत तो एकूण पाच तास फिरला तर 200 गेले. त्या दिवसाची बेरीज 780च्या आसपास येते. म्हणजे उन्हाळा असो की हिवाळा, खर्चात मोठा फरक पडत नाही. फरक पडतो तो मिळकतीत.

सीपॅपकडे नीट लक्ष द्या, कारण इथे चूक झाली तर झोपेवर आणि तब्येतीवर बेतेल. मशिनच्या आत हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर असतो आणि नळीतही हीटर असू शकतो. हे दोन्ही बंद असले तर बहुतेक मशिनं रात्रीला 100 ते 200 वॉट-अवरमध्ये भागवतात. दोन्ही चालू असले तर तोच आकडा 400च्या वर जाऊ शकतो, म्हणजे जवळजवळ दुसरा फ्रीजच. पण विजेसाठी म्हणून ह्युमिडिफायर परस्पर बंद करू नका. वाळवंटातली हवा आधीच कोरडी असते आणि काहींचं नाक-घसा त्याने फार सुकतो. मिस्टरांच्या डॉक्टरांना विचारा, शिवाय घरीच दोन-तीन रात्री तसं झोपून बघा. जमत नसेल तर हिशेबात सीपॅपचे 150 नव्हे, 400 धरा आणि घडीचं पॅनेल 100ऐवजी 200 वॉटचं घ्या. त्यांच्या मशिनच्या कंपनीचा 12 किंवा 24 व्होल्टवरचा ॲडॅप्टर मिळत असेल तर तो जरूर घ्या.

ॲडॅप्टरचा आग्रह अशासाठी की कॅम्परातली सर्वांत मोठी गुपचूप गळती इन्व्हर्टरची असते. 12 व्होल्टचे 120 व्होल्ट करणारा 2,000 वॉटचा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, त्याला काहीही जोडलेलं नसलं, तरी तो स्वतःसाठी 15 ते 25 वॉट घेत राहतो. 20 वॉट धरून चोवीस तासांचा गुणाकार करा: 480. तुमचा फ्रीज उन्हाळ्यात दिवसभरात जेवढं खातो त्यापेक्षाही जास्त, आणि बदल्यात थंड काहीच होत नाही. "सोलर लावूनसुद्धा सकाळी बॅटरी उतरलेली असते" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी सगळ्यात आधी इन्व्हर्टरचं बटण बघायला सांगते. तुमचा लॅपटॉप 12 व्होल्टच्या यूएसबी-सी चार्जरवर चालेल. स्टारलिंक मिनीही थेट डीसीवर चालतं, फक्त तिची तार लांब आणि बारीक असेल तर वाटेत व्होल्टेज पडतं, तेव्हा जाड आणि आखूड तार घ्या. सीपॅपला ॲडॅप्टर असला की इन्व्हर्टर लागेल तो फक्त मिक्सरला. काम झालं की लगेच बंद.

आता मिळकत. पॅनेलवर लिहिलेले 100 वॉट प्रयोगशाळेतले असतात. सेलचं तापमान 25 अंश सेल्सिअस आणि ऊन दर चौरस मीटरला 1,000 वॉट, तेही थेट समोरून. जुलैच्या दुपारी टपावरचं काळं पॅनेल 60 अंशांच्या वर तापतं. दर अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के वीज घटते, म्हणजे नुसत्या तापण्यातच 12-15 टक्के जातात. त्यात धूळ, तारांमधली घट, आडवं ठेवल्यामुळे सूर्याशी तिरका झालेला कोन. भर दुपारी 100 वॉटच्या पॅनेलकडून 70 वॉट आले तर ते व्यवस्थित चाललंय असं समजा. नेमकं इथेच लोकांना वाटतं आपल्याला खराब माल मिळाला.

दिवसभरातलं सगळं ऊन गोळा करून ते पूर्ण तेजाचे किती तास भरतं, या मापावर हिशेब करतात. कॅलिफोर्नियात जूनमध्ये मोकळ्या जागी आडव्या पॅनेलला सात-साडेसात तास मिळतात. सान डिएगोच्या पूर्वेला अँझा-बोरेगोत डिसेंबरात जेमतेम तीन. पॅसिफिक नॉर्थवेस्टच्या ढगाळ डिसेंबरात एक तास मिळाला तरी समाधान मानायचं. हे तास गुणिले पॅनेलचे वॉट गुणिले 0.7, एवढंच सूत्र पुरेसं आहे. 100 वॉटमागे जूनमध्ये 490 ते 525 वॉट-अवर आणि वाळवंटी डिसेंबरात 210. तुमच्या ठिकाणांचे आकडे स्वतः काढायचे असतील तर पीव्हीवॉट्स नावाचं अमेरिकन सरकारी प्रयोगशाळेचं मोफत गणकयंत्र आहे. त्यात गाव टाका आणि पॅनेलचा कल शून्य ठेवा. तो शून्य ठेवायचं विसरलात तर ते घराच्या उतरत्या छपराचा हिशेब देईल आणि तुम्हाला उगाच श्रीमंत वाटेल.

हिवाळ्यात घडीच्या पॅनेलचं मोल कळतं. अँझा-बोरेगो साधारण 33 अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिथला सूर्य माध्यान्हीलासुद्धा क्षितिजापासून 33-34 अंशांवरच असतो. टपावर आडवं पडलेलं पॅनेल त्या उन्हाला तिरकं सामोरं जातं आणि त्याच्या वाट्याला निम्म्याहून थोडंच जास्त येतं. तेवढंच पॅनेल जमिनीवर दक्षिणेकडे तोंड करून उभट मांडलं, सकाळी थोडं पूर्वेकडे आणि दुपारी पश्चिमेकडे वळवलं, तर त्याला पाच-साडेपाच तासांचं ऊन मिळतं. म्हणजे तिथे जमिनीवरचं 100 वॉटचं पॅनेल टपावरच्या 180 वॉटच्या तोडीचं ठरतं. तुमचा हिशेब असा जुळतो: टपावरच्या 200 वॉटचे 420, जमिनीवरच्या 100 वॉटचे 370, मिळून 790. खर्च 780. उन्हाळ्यात कामाच्या दिवशी टपावरून 950 आणि जमिनीवरून 450, म्हणजे 1,400. खर्च 1,360. आकडे इतके काठावर जुळले म्हणून घाबरू नका. काम आठवड्यातले दोनच दिवस आहे, बाकीच्या दिवशी उन्हाळ्यात 500 शिल्लक पडतात. आणि शिवाय बॅटरी आहे.

पुण्यात नळाला ठरावीक वेळच पाणी येतं म्हणून गच्चीवर टाकी असते. सोलर आणि बॅटरीचं नातं तेच. टाकी छोटी असेल तर नळ कितीही मोठा असला तरी संध्याकाळी घागर रिकामी. म्हणून दुकानदाराने वॉटवर दिलेला जोर मला पटत नाही, त्याने बॅटरीबद्दल आधी विचारायला हवं होतं. तुमची जुनी लेड-ॲसिड बॅटरी 100 अँपिअर-अवरची असेल तर 12 व्होल्टने गुणून 1,200 वॉट-अवर होतात, पण तिच्यातले निम्मेच वापरायचे असतात, नाहीतर ती लवकर मरते. म्हणजे हातात 600 वॉट-अवर, तुमचा एक दिवससुद्धा नाही. 100 अँपिअर-अवरच्या दोन लिथियम बॅटऱ्यांत (त्यांचं व्होल्टेज 12.8 धरून) 2,560 वॉट-अवर मावतात आणि त्यातले 2,000 निर्धास्त वापरता येतात. सूर्य अजिबात न दिसता दोन दिवस सहज निघतात. वजनातही फरक आहे. तेवढ्याच लेड-ॲसिडच्या दोन बॅटऱ्या 120 पौंडांच्या वर जातात, लिथियमच्या दोन 50 पौंडांच्या आसपास.

वजनाचा विषय निघालाच आहे तर ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा पिवळा-पांढरा स्टिकर वाचा. माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते त्यावर लिहिलेलं असतं. हाफ-टन पिकअपमध्ये कॅम्पर, 20 गॅलन पाणी (त्याचेच 165 पौंड), प्रोपेन आणि तुम्ही दोघं धरलात की फार काही उरत नाही. दुकानदाराच्या 600 वॉटना काचेची सहा पॅनेलं लागतील, एकेक 14 पौंडांच्या आसपास, वर पट्ट्या आणि नटबोल्ट. ते सगळं पॉप-अपच्या टपावर, जे टप तुम्ही दर मुक्कामाला हातांनी वर उचलणार आहात. कॅम्परच्या कंपनीने टपावर किती वजन चालेल ते दिलेलं असतं, ते न बघता तिथे काहीही चढवू नका. आणि एवढं करून जूनमध्ये मिळणार 2,900च्या थोडे वर वॉट-अवर. तुमचा खर्च त्याच्या निम्म्याच्या आत आहे. दुपारी बारापर्यंत बॅटरी भरेल आणि उरलेलं ऊन वाया जाईल.

डीसी-टू-डीसी चार्जरबद्दल लोक बोलत नाहीत आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण तुमच्यासारख्या फिरणाऱ्यांना सर्वांत स्वस्त वीज तिथूनच मिळते. 30 अँपिअरचा चार्जर इंजिनच्या अल्टरनेटरवरून (इंजिन फिरताना वीज बनवणारं यंत्र) ताशी जवळजवळ 400 वॉट-अवर बॅटरीत ओततो. फॉल्समहून योसेमिटी व्हॅलीला पोचायला तीन तास लागतात. तेवढ्यात 1,200, तेही पाऊस असो की अंधार. कॅम्परच्या सात पिनांच्या जोडणीतून थोडी वीज आपोआप येते हे खरं, पण ती तार बारीक आणि लांब असते. शिवाय नव्या गाड्यांचे अल्टरनेटर इंधन वाचवायला मधूनच व्होल्टेज खाली आणतात. त्या जोडणीवर लिथियम बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. चार्जरला इंजिनच्या बॅटरीपासून वेगळी जाड तार ओढून घ्या. हे काम जाणकाराकडूनच करून घ्या.

तुमच्या ठिकाणांपैकी योसेमिटी व्हॅली सोलरला सर्वांत वाईट. कॅम्पग्राउंड उंच पाइन आणि सीडरच्या सावलीत आहेत, विजेचे हुकअप (जागेवरच वीज जोडून घ्यायची सोय) नाहीत आणि जनरेटर ठरलेल्या वेळांतच चालवता येतो. टपावर 600 वॉट असते तरी फांद्यांची सावली पडली की हाताला काही लागलं नसतं. पॅनेलमधले सेल एका माळेत जोडलेले असतात, त्यामुळे कोपऱ्यावर पडलेल्या छोट्याशा सावलीनेही वीज पार खाली येते. तिथे भरलेली बॅटरी घेऊन पोचायचं, आणि घडीचं पॅनेल 25-30 फुटांच्या तारेने उन्हाच्या कवडशात मांडायचं. दिवसाला 250 मिळाले तरी तुमच्या साठ्यातून रोज 620च जातात आणि तीन दिवस पार पडतात. कवडसा सरकतो तसं पॅनेल सरकवावं लागेल.

लोन पाइनजवळच्या अलाबामा हिल्समध्ये उलट. झाड नाही, गोल गोल ग्रॅनाइटचे खडक आणि दिवसभर ऊन. तिथे टपावरचे 200 पुरेत. तळ ठरवताना पश्चिमेकडे मोठा खडक नाही ना एवढं बघा, नाहीतर दुपारी तीनलाच सावली येते.

ऑरेगनच्या किनाऱ्यासाठी मी एक वॉटसुद्धा जास्त घेणार नाही. ऑक्टोबरच्या ढगांत पॅनेल नेहमीच्या दहा-वीस टक्केच देतं, त्यामुळे तिथे दुप्पट पॅनेल म्हणजे थोड्याची दुप्पट. ऑरेगनच्या स्टेट पार्कांमध्ये विजेच्या जोडणीच्या जागा बऱ्याच असतात. दर दोन-तीन दिवसांनी एक रात्र तिथे काढा. त्याआधी एक बघून घ्या: कॅम्परातला जुना कन्व्हर्टर (बाहेरच्या 120 व्होल्टवरून बॅटरी भरणारा) लेड-ॲसिडसाठी बनवलेला असेल तर तो लिथियम बॅटरी रडतरखडत भरेल. तो बदलावा लागू शकतो.

आता स्वयंपाकघर. इंडक्शन घेऊ नका. 1,800 वॉट 12 व्होल्टवर ओढायचे म्हणजे 150 अँपिअर, आणि इन्व्हर्टरमधली घट धरून 165-170. एवढा प्रवाह ओढायला अंगठ्याएवढ्या जाड तारांचा थाट करावा लागतो, आणि तुमच्याकडे चांगली प्रोपेनची शेगडी आहे. त्यावर कुकर लावा, खिडकी आणि टपाचं झाकण उघडं ठेवून. आणि कुकर न्याच. 8,000 फुटांवर पाणी 92 अंश सेल्सिअसलाच उकळतं, तिथे उघड्या पातेल्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही.

मिक्सर मात्र खुशाल चालवा. तो वॉटला मोठा आणि विजेला छोटा. 550 वॉटचा मिक्सर चटणीसाठी दोन मिनिटं फिरवला तर 20 वॉट-अवरसुद्धा जात नाहीत. त्याला प्युअर साइन वेव्हचा (घरच्यासारखी सलग लहरीची वीज देणारा) 1,000 ते 1,200 वॉटचा इन्व्हर्टर लागेल, कारण मोटर सुरू होताना क्षणभर जास्त ओढते. दाण्याचं कूट आणि कोरड्या चटण्या घरूनच नेल्यात तर तोही वाचेल.

एसी सोडून द्या. टपावरचा नेहमीचा एसी 1,300-1,500 वॉट घेतो. तुमच्या दोन्ही बॅटऱ्या दीड-दोन तासांत रिकाम्या होतील. दुकानदाराचा 600चा आकडा बहुधा एसी मनात धरूनच आला असेल, पण 600 वॉटनाही एसी झेपत नाही. उन्हाळ्यात उंचावर जाणं हा खरा उपाय. दर 1,000 फुटांना साडेतीन अंश फॅरनहाइटच्या आसपास हवा गार होते. लोन पाइन 3,700 फुटांवर आहे आणि तिथून तेरा-चौदा मैलांवरचं व्हिटनी पोर्टल 8,000 फुटांच्या वर. दुपारी गावात 100 अंश असेल तेव्हा वर 85च्या आसपास असतं.

जोडणीबद्दल थोडं, पण महत्त्वाचं. सोलरचा कंट्रोलर, म्हणजे पॅनेलची वीज बॅटरीला झेपेल अशी करून देणारा डबा, एमपीपीटी जातीचा घ्या; तो पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढतो. स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनेलचं जास्तीचं व्होल्टेज नुसतं सोडून देतो आणि 100 वॉटचे 70-75 करतो. टपावरची दोन पॅनेलं समांतर जोडा, म्हणजे एकावर पंख्याची सावली पडली तरी दुसरं काम करत राहील. घडीच्या पॅनेलचा कंट्रोलर वेगळा ठेवा. काही घडीच्या पॅनेलांच्या पाठीला कंट्रोलर आधीच बसवलेला असतो. तसलं असेल तर ते थेट बॅटरीला जोडायचं, टपाच्या कंट्रोलरमधून नाही. एकापुढे एक दोन कंट्रोलर लागले की दोन्ही गोंधळतात. प्रत्येक जाड तारेला बॅटरीजवळ फ्यूज हवाच, यात काटकसर नको. आणि लिथियम बॅटरी गोठणबिंदूच्या खाली चार्ज होत नाही, करूही नये. चांगल्या बॅटरीत आतली यंत्रणाच ते रोखते. म्हणून ती कॅम्परच्या आत, फर्नेसची ऊब पोचेल अशा जागी ठेवा. डिसेंबरात वाळवंटातसुद्धा पहाटे पारा 32 अंश फॅरनहाइटच्या खाली जाऊ शकतो.

सगळं एकदम घेऊ नका. सगळ्यात आधी बॅटऱ्या, डीसी-टू-डीसी चार्जर आणि शंट (बॅटरीच्या तारेतून जाणारा प्रवाह मोजणारा तुकडा) असलेला बॅटरी मॉनिटर, जो किती आलं आणि किती गेलं हे टक्क्यांत दाखवतो. नव्या बॅटऱ्या घराच्या साध्या प्लगवर भरून घ्या आणि एकही पॅनेल न लावता एक वीकेंड फॉल्सम लेकला काढा. फ्रीज घरूनच थंड करून, भरून न्या. रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर मॉनिटरवरचा आकडा वहीत लिहा, आणि एक रात्र सीपॅप आणि डिटेक्टर सोडून इतर सगळ्या गोष्टी बंद ठेवून सीपॅपचा आकडा घ्या. घरी असताना सीपॅप आणि लॅपटॉप किती खातात ते भिंतीच्या प्लगमध्ये लावायच्या साध्या वॉट-मीटरने कळतं. काही सार्वजनिक ग्रंथालयांत तो उसनाही मिळतो.

माझे आकडे अंदाजाचे आहेत, तुमच्या वहीतले खरे असतील. ते 700 ते 900च्या मध्ये आले तर वर सांगितलेलं जसंच्या तसं करा. 1,100च्या वर आले तर आधी फ्रीजच्या मागे हवा खेळायला जागा आहे का ते बघा, कारण जुन्या फ्रीजच्या खोबणीत नवा कोंबून बसवलेला असतो आणि तो सारखा चालत राहतो. ते ठीक असेल तर घडीचं पॅनेल 200चं घ्या. टपाला भोकं पाडायचं काम अगदी शेवटी. पंख्याची सावली सकाळी आणि दुपारी कुठे पडते ते त्या वीकेंडला खडूने टपावर आखून ठेवा, म्हणजे पॅनेलं नेमकी तेवढी जागा सोडून बसवता येतील. सीपॅपचा आकडा आला की मला नक्की कळवा, त्यावर घडीचं पॅनेल 100चं की 200चं ते ठरवू.